शाळा सोडल्याचा दाखला

ड्रायव्हरच्या सीटवर बसा. गाडी ईको आहे, पिवळी, मागच्या काचेवर 'स्कूल व्हॅन' असं रंगवलेलं. डॅशबोर्डवर गणपती, आरशाला सुकलेली लिंबू-मिरची आणि गिअरशेजारच्या खोबणीत कुठल्याशा पोराच्या पाण्याच्या बाटलीचं निळं झाकण. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून ते तिथेच पडून आहे. ज्याचं आहे तो मागायला आलेला नाही.

तारीख 9 मे 2020, शनिवार. पहाटेचे सव्वापाच. धायरी, पुणे. गाडीचे मालक तुम्ही आणि चालकही तुम्हीच. अकरा पोरं तुम्हाला 'व्हॅनकाका' म्हणतात. बारावी तुमची लेक, ती 'पप्पा' म्हणते. बाकीच्यांना ज्या इंग्रजी शाळेत सोडता तिथेच ती दुसरीत होती. तिला तिथेच घालायचं हे ती रांगत होती तेव्हाच ठरलं होतं. रोज सकाळी दुसऱ्यांची पोरं त्या फाटकातून आत सोडायची आणि आपली मात्र भलतीकडे, हे तुम्हाला सोसणारं नव्हतं. फी वर्षाला 24,000. गाडीचा हप्ता महिन्याला 7,400. दोन्ही भागत होतं, कारण शाळा भरत होती.

एक अट सांगून ठेवतो. तुम्ही हे आज वाचताय, त्यामुळे पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. या सीटवरच्या माणसाला ठाऊक नाही. त्याला वाटतंय, जूनमध्ये शाळा उघडेल. महिना-दीड महिना कसाबसा काढायचा. रिझर्व्ह बँकेने तीन महिने हप्ता न भरायची मुभा दिलीय, व्याज चालूच राहणार आहे, पण ते नंतरचं नंतर. कालच, म्हणजे 8 मे ला, सरकारने आदेश काढलाय की यंदा शाळांनी फी वाढवायची नाही. त्या बातमीने त्याला बरं वाटलंय. ठरलेली 24,000 तरी कुठून आणायची, हा विचार त्याच्या डोक्यात अजून आलेला नाही. तुम्हीही तो आणू नका.

मागच्या सीटवर बायको, लेक, गॅसची शेगडी, मिक्सर आणि दोन पोती सामान. काचेला लॉकडाउनमधल्या प्रवासाचा ई-पास चिकटवलाय. किल्ली फिरवा.

नवले पूल मोकळा. कात्रजचा नवा बोगदा मोकळा. हा रस्ता असा मोकळा तुम्ही जन्मात पाहिलेला नाही, आणि खरं सांगायचं तर त्याची मजाही वाटतेय, भीतीच्या जोडीने. नीरेवरचा सारोळ्याचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा. तिथे पोलीस, मंडप, कपाळावर रोखलेली तापमापकाची बंदूक, वहीत नाव, हातावर शिक्का. लेक शिक्क्याकडे बघून विचारते, "पप्पा, हा स्टार आहे का?" शाळेत चांगला अभ्यास केला की मनगटावर स्टार मिळायचा. तुम्ही म्हणता, हो.

खंबाटकी, सातारा, उंब्रजला उजवीकडे. मल्हारपेठ मागे टाकून पाटणच्या अलीकडे तुमचं गाव. वेशीवर बांबू आडवा बांधलाय. पलीकडे सरपंच उभा आहे, चौथीपर्यंत तुमच्या बाकावर बसणारा. दहा फुटांवरून बोलतो. "वाईट वाटून घिऊ नगंस गड्या. चौदा दिवस शाळंत काढ. समद्यांनाच त्यो नेम हाय."

शाळेत, म्हणजे तुमच्याच शाळेत. जिल्हा परिषदेच्या, पहिली ते चौथीच्या, दोन खोल्यांच्या.

त्या वर्षी पाटणपासून कोकणापर्यंत किती मुंबईकर, पुणेकर असे आपापल्या बालपणीच्या वर्गात झोपले असतील, याचा हिशेब कुणी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही. मांडायला हवा होता. गावातून बाहेर पडायचा रस्ता ज्या इमारतीतून गेला, तिच्यातच परत येऊन अंथरूण टाकायचं.

तर तुम्हाला मिळालाय दुसरीचा वर्ग. तुमच्या वेळी कौलं होती, आता स्लॅब आहे. तुमच्या वेळी शेणाने सारवलेली जमीन होती, आता फरशी. भिंती बोलक्या केल्यात: एका भिंतीवर पाढे, एकीवर बाराखडी, खिडकीखाली भौमितिक आकार, दाराशेजारी महाराष्ट्राचा नकाशा. तुम्ही पाठ केलेल्या जिल्ह्यांत वाशीम, नंदुरबार नव्हते आणि पालघर तर नव्हतंच. फळ्याच्या कोपऱ्यात मार्चमधली तारीख, खाली पट आणि हजर. पट 18, हजर 16. शाळा बंद होण्याआधी शेवटी ज्याने ती लिहिली त्याला पुसायला सवड मिळाली नसावी.

दुपारी आई फाटकापाशी डबा ठेवून लांब सरते. तुम्ही जाऊन उचलता. लेक फरशीवर पालथी पडून भिंत वाचतेय. इंग्रजी वार पटापट म्हणते. मग मराठी मजकुराकडे वळते. खिडकीवर ठळक अक्षरांत लिहिलंय: 'स्वच्छता राखा.'

"स... व... च... छ... ता," ती म्हणते. पुन्हा बघते. "सवचछता. पप्पा, सवचछता म्हणजे?"

बायको हसते. तुम्हीही हसता. मग हसणं थांबतं. दुसरी झालेली पोर. दोन वर्षांचे 48,000 भरलेत. वहीत 'एक्सलंट' लिहून येतं. तिला इंग्रजी कविता हातवारे करून म्हणता येतात, ते तुम्ही फोनमध्ये धरून नातेवाइकांना पाठवलंय. आणि ही घरात जी भाषा बोलते तीच तिला भिंतीवरून वाचता येत नाही. इंग्रजी तरी येतं का? गाडीवरचं 'स्कूल व्हॅन' ती वाचते, पण वाचते की ओळखते? हा प्रश्न तुम्हाला पहिल्यांदा पडलाय. गाडी रोज चालू असताना पडायला वेळच नव्हता.

रात्री झोप येत नाही. फळ्याखालच्या डब्यात खडूचे तुकडे सापडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही फळ्यावर मोठ्ठा 'स' काढता, त्याची दांडी पुसता आणि उरलेल्या अर्ध्या अक्षराला 'व' जोडता. "दांडी गेली की अक्षर शेजारच्याला चिकटतं." हे तुम्हाला कुणी शिकवलं होतं? इथेच, याच फळ्यावर, धोतर नेसणाऱ्या एका गुरुजींनी. तुम्ही बारावी नापास आहात. चौदा दिवसांत रफार, रकार, 'स्व', 'च्छ', 'ज्ञ' सगळं होतं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच म्हणा. बाविसाव्या तारखेला ती नकाशातलं 'रत्नागिरी' एका दमात वाचते.

मग जून येतो, शाळा उघडत नाही.

इथून पुढे वेळ भराभर सरकवू, कारण तुम्ही तो जगलाच आहात. 15 जूनला वर्ष 'सुरू' होतं. शाळेकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक येते. रेंज घरात नाही, मारुतीच्या पारावर आहे, म्हणून लेक दप्तर घेऊन पारावर बसते. स्क्रीनवर चाळीस चौकोन. "बेटा, म्यूट करो." "मिस, आवाज येत नाही." मध्येच कुणाच्या तरी घरातला कुकर शिट्टी देतो. 20 जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागतं, पहिली ते आठवीसाठी, बालभारतीच्या पुस्तकांवर बेतलेलं. तुमची आई ते नातीपेक्षा आवडीने बघते. सोलापूरच्या नीलमनगरात घरांच्या भिंतींवर धडे रंगवतात, जव्हार-मोखाड्याकडे भोंग्यावरून शिकवतात. ज्याला जे सुचेल ते तो करतोय.

तुम्हाला सुचलं ते असं: गाडीच्या मागच्या सीटा काढल्या आणि घेवडा, काकड्या, इंद्रायणी तांदूळ भरून दर आठवड्याला पुणं. गिऱ्हाईक तेच. ज्या सोसायट्यांच्या फाटकांवर पोरांसाठी हॉर्न वाजवायचात, तिथेच आता भाजीसाठी वाजवता. पोरं गॅलरीतून ओरडतात, "व्हॅनकाका!" त्यांच्या आया पिशव्या घेऊन खाली येतात. निळं झाकण कुणाचं म्हणून विचारता, तर कुणाचंच निघत नाही.

ऑगस्टमधली एक सकाळ. मास्क लावलेली एक बाई घेवडा निवडून घेतेय. एक शेंग मोडून बघते, दुसरी मोडून बघते. आवाजावरून ओळख पटते. लेकीच्या वर्गाच्या मिस.

"काका, अर्धा किलोच द्या."

नेहमी ऐटीत असणाऱ्या मिस. तुम्ही एक किलो तोलता, त्या अर्ध्याचेच पैसे देतात, दोघंही काही बोलत नाही. मग त्याच बोलतात. निम्मा पगार आहे, तोही जूनचा आत्ता मिळाला. दोन जणींना तर घरीच बसवलंय. सकाळी तीन वर्ग त्यांच्याच फोनवरून घ्यायचे, नेटचा खर्च त्यांचाच. शेवटी विचारतात, "तुमची मुलगी आठवड्यातून दोनदा क्लासला नसतेच. का हो?"

तुमचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे जातो. फोन इथे आहे. क्लास तिकडे पारावर आहे. घरात फोन एकच, आणि त्याच्यावर गिऱ्हाइकं भाजी सांगतात.

पुढच्या वर्षीच्या 'असर' या शैक्षणिक पाहणीत हे आकड्यांत आलं. ग्रामीण भारतातल्या 67.6 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. त्यातल्या 26.1 टक्के मुलांना तो कधीच हाती मिळत नव्हता. तुमच्या लेकीला कधीकधी मिळायचा, म्हणजे आकड्याच्या हिशेबाने ती नशीबवानच. आकडे वाचताना मला हा शर्टाचा खिसा दिसतो. फोन घरात आहे म्हणजे शिक्षण घरात पोचलं, असं समजून किती योजना आखल्या गेल्या.

ऑक्टोबर. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेचे दिवस. आशाताई, एक स्वयंसेवक आणि जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी दारोदार फिरतायत. हे गुरुजी नवे, म्हणजे तुमच्यानंतरचे, जीन पँट घालणारे, मोटारसायकलवर कराडहून येणारे. मे महिन्यात नाक्यावर, जूनमध्ये रेशन दुकानावर, आता हातात ऑक्सिमीटर. शिकवणं सोडून सगळं करतात, असं गाव म्हणतं. त्यांच्यापुढे म्हणत नाही.

ते लेकीच्या बोटाला ऑक्सिमीटर लावतात आणि तिलाच विचारतात, "किती आलंय, वाच बघू."

"नाइंटी एट."

"मराठीत?"

ती गप्प. आईकडे बघते. गुरुजी हसून म्हणतात, "अठ्ठ्याण्णव. अवघडच हाय ते. तू उद्या दहाला शेजारच्यांच्या ओसरीवर ये. पाच जणं असतात. मास्क लावून ये."

तुम्ही म्हणता, "सर, ती पुण्याच्या शाळेत आहे. तुमच्या पटावर न्हाय."

"पटाचं बघू नंतर," गुरुजी म्हणतात. आणि लगेच, अगदी लगेच, "पण विचार करा दादा. आमचा पट अठराच हाय."

गुरुजी संत नाहीत, हे इथे लिहून टाकलेलं बरं. पट घसरत गेला की शिक्षकाच्या पदावर गदा यायची भीती असते, एकाची बदली झाली तर उरलेल्या एकाच्या गळ्यात चार वर्ग पडतात. गावी परतलेल्या प्रत्येक कुटुंबाच्या दारात त्या वर्षी गुरुजी गेले ते तळमळीने, आणि पदही वाचवायचं होतं म्हणून. मला त्यात वावगं काही दिसत नाही. खाजगी शाळेचं कुणी दारात आलं नाही. तिच्याकडून मेसेज आला.

तो मेसेज फेब्रुवारी 2021 मधला. दिवाळीआधी तुम्ही 8,000 भरले होते. बाकी 16,000. 'काइंड रिमाइंडर.' आठवड्याने दुसरा, त्यात 'काइंड' नाही. मग एका सोमवारी लिंक येतच नाही. तुम्ही ग्रुपवर विचारायला जाता, तर ग्रुपवर आता फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येतं. लेक पारावर दप्तर घेऊन बसलीय. तिला सांगता, आज सुट्टी आहे. मंगळवारीही सुट्टी. बुधवारी ती विचारायचं सोडते आणि दहा वाजता आपणहून ओसरीवर जाऊन बसते.

शाळेला लुटारू म्हणणं सोपं आहे, बायको त्या आठवड्यात रोज म्हणते. पण तुम्हाला अर्धा किलो घेवडा आठवतो. अशा छोट्या शाळेची गंगाजळी म्हणजे पालकांची फी, त्यापलीकडे काही नाही. पालक भरेनात, की पहिला चिमटा मिसच्या पगाराला. तुम्ही फी थकवली ती मिसचीच थकवली, आणि मिसने तुमच्याकडून भाजी घेतली ती तुम्ही फी भरावी म्हणून नव्हे. सरकारचा फी न वाढवण्याचा आदेश, त्याला मिळालेली न्यायालयाची स्थगिती, संस्थाचालक आणि पालक संघटनांची भांडणं, हे सगळं वरच्या वर चाललं होतं. खाली गाडीवाला आणि बाई एकमेकांना चुकवत होते.

3 एप्रिलला शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड जाहीर करतात: पहिली ते आठवीची सगळी मुलं परीक्षेविना वर. लेक चौथीत गेली. तिसरीत तिने काय केलं याचं उत्तर कुणाकडेच नाही.

आता 13 जून 2021, रविवारची रात्र. परवा नवं वर्ष सुरू होतंय, तेही घरूनच. दुसरी लाट नुकती ओसरलीय. गावात दोघं गेली. ओसरीवर दिवा, बाहेर पावसाची रिपरिप. बसा.

बायको आधी बोलते. "अहो, एकदा काढलं तर परत घेतील का? आणि इंग्रजी जाईल त्याचं काय?"

"इथं पण सेमी आहे. गणित इंग्रजीतनं."

"गुरुजींचं इंग्रजी ऐकलंय तुम्ही?"

ऐकलंय. तुम्ही गप्प बसता.

"शेजारची काय म्हणतील? पुण्याला गेले, इंग्रजीत घातली, आन् परत मराठी शाळेत आणून बसवली." ही खरी बोच. इंग्रजीचं नंतर.

तुमची आई आतून म्हणते, "आरं, तू न्हाय का शिकलास त्या शाळंत?"

बायको पटकन बोलून जाते, "म्हणूनच तर." मग जीभ चावते.

तुम्हाला राग येत नाही. ती खरं बोललीय. तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलात आणि स्कूल व्हॅन चालवता. व्हॅनमध्ये बसणाऱ्यांचे बाप इंग्रजीत शिकलेत. एवढा सरळ हिशेब असताना शाळेत खरोखर काय शिकवतात याची चौकशी कोण करत बसतो? वर्षभर शाळेची इमारत नव्हती, गणवेश नव्हता, फाटक नव्हतं, गॅदरिंग नव्हतं. राहिलं होतं ते फक्त शिकवणं, आणि तेवढंच समोरासमोर ठेवून बघण्याची संधी आईबापांना त्या वर्षी पहिल्यांदा मिळाली. तुम्ही बघितलंत. स्क्रीनवरचे चाळीस चौकोन बघितले आणि शेजारची ओसरीही. ओसरी सरस होती. तरी रात्री एक वाजेपर्यंत बोलणं चाललंय, कारण शाळा निवडताना शिकवणं हा मुद्दा शेवटून दुसरा असतो.

निकाल लावला तो शिकवण्याने नाहीच. 16,000 थकलेले आणि चौथीचे 24,000 नवे: बेरीज 40,000. घरात आहेत 11,000. हप्त्यांची मुभा वाढवून मिळाली होती, तीही गेल्या ऑगस्टमध्येच संपली, आणि गाडीचे तीन हप्ते थकलेत.

"एक वर्ष," बायको म्हणते. "एकच वर्ष. आणि बाकी भरून रीतसर दाखला आणा. भांडून आणू नका. परत त्याच दारात जायचंय."

सकाळी गुरुजी म्हणाले होते की दाखल्यासाठी अडायचं कारण नाही. शिक्षण हक्क कायद्याचं पाचवं कलम आहे: दाखल्याला उशीर झाला म्हणून कुणाला प्रवेश नाकारता येत नाही. जन्मदाखला आणा, आधार आणा, मी बसवून घेतो. मात्र सरकारच्या 'सरल' पोर्टलवर जुन्या शाळेने तिचं नाव सोडायला हवं, तोवर ती वर्गात असेल पण ऑनलाइन पटावर नसेल. कायदा तुमच्या बाजूने आहे. बायको म्हणते ते त्याहून पक्कं आहे. कायद्याने पोरगी या शाळेत बसेल. उद्या त्या शाळेत परत घ्यायचं की नाही ते कायदा ठरवणार नाही.

14 जून, सोमवार. शाळेचं ऑफिस. आठ वर्षं तुम्ही या फाटकाबाहेर गाडी लावलीत, आत पहिल्यांदा खुर्चीवर बसताय. शिपाई ओळखीचा, तो चहा विचारतो. क्लार्क मॅडम काचेआडून लेजर उघडतात. "सिक्स्टीन थाउजंड पेंडिंग." तुम्ही म्हणता, वर्ष कसं गेलं तुम्ही बघताय, निम्मे घ्या. त्या आत जाऊन येतात. "ट्वेल्व्ह." रात्रीचे 11,000 आणि बायकोच्या कानातलं मोडून आलेले पैसे मिळून खिशात 15,000 आहेत. तुम्ही 12,000 मोजता. त्या पावती फाडतात, पासबुकाएवढी चिठ्ठी, तिच्यावर 'फुल अँड फायनल'. मग छापील दाखला. नाव, आईचं नाव, धर्म-जात, जन्मतारीख अक्षरी, प्रगती 'गुड', वर्तणूक 'गुड'. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यापाशी त्यांचं पेन क्षणभर थांबतं. त्या तुमच्याकडे बघतही नाहीत. लिहितात: 'पेरेंट्स रिक्वेस्ट.'

बाहेर येऊन तुम्ही गाडीत बसता आणि किल्ली फिरवायला वेळ लागतो. तुम्ही कसली विनंती केली होती, हे आठवून बघताय.

12 ऑगस्टला सरकारने खाजगी शाळांना 15 टक्के फी कपात करायला सांगितली. 24,000 चे 15 टक्के 3,600. तेही 2021-22 या वर्षापुरतं, आणि त्या वर्षी तुम्ही फी भरणारच नव्हता.

गावच्या शाळेत नाव लागतं. बालभारतीची पुस्तकं फुकट, कोरी, वासाची. लेक ती उलगडून नाकाला लावते. काही दिवसांनी पोषण आहाराचा शिधा वाटतात, कारण शाळा बंद असल्याने शिजवून देता येत नाही. तांदूळ, हरभरा, मूगडाळ. रांगेत पिशवी घेऊन उभी राहायला बायको तयार होत नाही. पहिल्या वेळी तुमची आई जाते. दुसऱ्या वेळी बायको जाते, पदर डोक्यावरून पुढे ओढून. तिसऱ्या वेळी पदर नसतो आणि ती रांगेतल्या बायकांशी मूगडाळ किती खडे टाकून दिलीय यावर भांडत असते.

पहिली ते चौथीचे वर्ग खरोखर भरले ते 1 डिसेंबर 2021 ला. जानेवारीत ओमायक्रॉनने पुन्हा मिटले, 24 तारखेला पुन्हा उघडले. सगळं मिळून लेक त्या इमारतीत चार-पाच महिने बसली असेल. तोवर पट 25 झाला होता. सात पोरं परतलेल्यांची. फळ्याच्या कोपऱ्यात ती आकडा लिहायची, 'पट 25, हजर 25', आणि वर्ग नीट झाडलेला नसला की 'स्वच्छता राखा'कडे बोट दाखवायची.

ते वर्ष देशभर तसंच गेलं. 'असर'च्या पाहणीत ग्रामीण भागात 6 ते 14 वयाची सरकारी शाळेतली मुलं 2018 मध्ये 65.6 टक्के होती, ती 2022 मध्ये 72.9 टक्के झाली. लेख आले, अग्रलेख आले: आईबापांनी सरकारी शाळा निवडली. मीही तेव्हा असंच काहीसं बोललो होतो, आनंदाने. तुम्ही त्या रात्री ओसरीवर होता, तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं की निवडलं असं काही नव्हतं, 40,000 नव्हते. आणि ओसरी खरंच सरस होती, हेही सांगितलं असतं. दोन्ही खरं होतं. पाहणीच्या तक्त्यात एकाच खुणेची जागा असते. 2024 च्या पाहणीत तो आकडा 66.8 वर आला, जिथून निघाला होता जवळपास तिथेच.

तुम्ही आकड्याच्या आधी परत फिरलात. मे 2022. पुण्यातल्या शाळा नेहमीसारख्या भरणार हे पक्कं झालं, सोसायट्यांतून फोन आले, "काका, येताय ना?" मागच्या सीटा पुन्हा बसवल्या. गॅरेजवाल्याला खोबणीत ते निळं झाकण मिळालं, त्याने टाकून दिलं. लेक पाचवीत. गावात पाचवी नव्हतीच, हे कारण तुम्ही सगळ्यांना सांगितलं आणि ते खोटं नव्हतं. पुण्यात महापालिकेची शाळा घरापासून दहा मिनिटांवर होती, तिथे सेमी इंग्रजी होतं आणि जागाही होती. तिथे तुम्ही चौकशीलाही गेला नाहीत. जुन्या शाळेने घेतलं, फी आता 27,000. मिस तिथे राहिल्या नव्हत्या.

गावच्या शाळेचा पट त्या जूनला 17 झाला. पुढच्या वर्षी सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मिळवून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले. राज्यात अशा शाळा 14,000 हून जास्त भरल्या. 17 पटाची शाळा त्यात बसत होती.

निघायच्या आदल्या दिवशी गुरुजींनी दाखला लिहून दिला. त्यांनी थांबायला सांगितलं नाही. स्वतःच्या हाताने, शाईच्या पेनाने लिहिला, अक्षर सुरेख. म्हणाले, "वाचन चांगलं हाय तिचं. थांबू देऊ नका." गाडीच्या कागदपत्रांच्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, आरसी बुक आणि विम्याच्या मागे, आता दोन दाखले आहेत. एक इंग्रजीतला, एक मराठीतला. दुसऱ्यातही कारणाच्या रकान्यात लिहिलंय: पालकांच्या विनंतीवरून.